आधी बाद व्हायला शिका: कोकणातल्या खेळाडूने कॅमेऱ्यासमोर कसं जावं

पहिल्याच शूटिंगला, कबड्डीच्या सीनमध्ये मी चढाईला गेले, डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूला हात लावला आणि मध्यरेषा ओलांडून परत आले. स्वच्छ एक गुण. टाळी एकही वाजली नाही. दिग्दर्शक मॉनिटरमागून उठून आले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, या सीनमध्ये तुमची पकड होते." मी मान डोलावली, पुन्हा गेले आणि पुन्हा सुटून आले. मुद्दाम नव्हे हो. घोट्याला हात लागला की माझा पाय मला न विचारताच सुटतो, पंधरा वर्षांची सवय. नवव्या टेकला बाद झाले. तोवर जिने मला पकडायचं होतं ती बिचारी रडकुंडीला आली होती.

मी गुहागर तालुक्यातली. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाऊन स्पर्धा खेळत मोठी झाले, पुढे राज्य पातळीवर खेळले, एका कार्यालयाच्या संघातून आठ वर्षं चढाया केल्या. गुडघा गेला आणि खेळ थांबला. त्यानंतर मालिका, जाहिराती, दोन चित्रपट, आणि कबड्डीचे सीन बसवून द्यायचं काम. हल्ली दर आठवड्याला कुणाचा तरी फोन येतो, "ताई, आम्हालापण यायचंय." प्रश्न तेच असतात आणि मी उत्तरं तुकड्या-तुकड्यांत देते, म्हणून इथे एकदाच सगळं लिहिते.

१. कुठल्या दारातून जायचं ते ठरवा

"ॲक्टिंग करायचीय" एवढं सांगून भागत नाही. खेळाडूंना या धंद्यात चार वेगवेगळी दारं आहेत, आणि बहुतेक जण चुकीच्या दारासमोर वर्षानुवर्षं उभे असतात.

पहिलं दार म्हणजे पडद्यावर खेळाडूच व्हायचं. खेळावरचा चित्रपट असला की दोन्ही बाजूंचे संघ लागतात आणि खरं खेळणारी माणसं हवी असतात. संवाद एखाद-दुसरा, पण कॅमेऱ्याची भीती इथेच मोडते. दुसरं दार डबलचं. नायिकेच्या जागी उडी तुमची, चेहरा तिचा. पैसे बरे, ओळख शून्य. तिसरं, कलाकारांना खेळ शिकवायचा. या दाराचा विचार आपल्याकडे कुणी करतच नाही. ८३ च्या विश्वचषकावरच्या चित्रपटात कलाकारांना क्रिकेट शिकवायला त्याच संघातले बलविंदरसिंग संधू होते. धोनीवरच्या चित्रपटासाठी सुशांतसिंग राजपूतला यष्टिरक्षण किरण मोरेंनी शिकवलं. महिला हॉकीवरच्या 'चक दे इंडिया'मागे मीर रंजन नेगी होते. जिल्हा पातळीवरचा चांगला प्रशिक्षक हे काम करू शकतो, आणि ते वयाबरोबर संपत नाही.

चौथं दार सरळ अभिनयाचं. इथे खेळातलं नाव फक्त उंबरठ्यापर्यंत पोचवतं. संदीप पाटील म्हणजे त्या काळचे केवढे देखणे फलंदाज! १९८५ साली 'कभी अजनबी थे'मध्ये नायक झाले, सोबत सय्यद किरमाणीही होते. चित्रपट चालला नाही. आपल्या वेंगुर्ल्याशी नातं सांगणारे सुनील गावसकर मराठी चित्रपटात नायक होऊन गेले, पण लोकांनी त्यांना लक्षात ठेवलं ते बॅटसाठी. उलट प्रवीणकुमार बघा. १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचं सुवर्ण, पण आजही माणसं त्यांना 'महाभारत'मधला भीम म्हणूनच ओळखतात. त्यांना जी भूमिका मिळाली ती त्यांच्या अंगालाच शिवलेली होती. किकबॉक्सिंग करणाऱ्या रितिका सिंगचंही तेच झालं. पहिल्याच चित्रपटात तिने बॉक्सर केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिची विशेष दखल घेतली गेली. म्हणून पहिली भूमिका आपल्या खेळाच्या, आपल्या शरीराच्या जवळची शोधा. रडायचे सीन नंतर येतातच.

२. परवानगी आधी, ऑडिशन नंतर

नोकरी स्पोर्ट्स कोट्यातली असेल तर हा भाग दोनदा वाचा.

राज्य सरकारी नोकर असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ तुम्हाला लागू आहेत. केंद्राचे १९६४ चे, रेल्वेचे १९६६ चे. शब्द थोडे वेगळे असतील, पण सगळ्यांचा गाभा एकच: पूर्वपरवानगीशिवाय बाहेरचं पैशाचं काम करायचं नाही. गावच्या हौशी नाटकात मुंडासं बांधून उभं राहणं वेगळं आणि मानधन घेऊन महिनाभर मालिकेत दिसणं वेगळं. माझ्यासोबत खेळणाऱ्या एकीने रजा टाकून चार दिवसांची जाहिरात केली. रजेच्या अर्जावर कारण 'आजारपण' लिहिलं होतं. जाहिरात टीव्हीवर लागली ती नेमकी साहेबांच्या जेवणाच्या वेळी. पुढचं वर्षभर ती खुलासेच लिहीत होती.

अर्ज लेखी द्या. कामाचं स्वरूप, तारखा, मानधन, रजा कुठली घेणार, सगळं त्यात लिहा आणि पोचेची प्रत ठेवा. "तोंडी सांगितलंय, होईल" या शब्दांवर सुटकेस भरू नका.

लीगमध्ये करारावर खेळत असाल तर दुसरीच गंमत. करारात तुमचा चेहरा, नाव, जर्सी यांच्या वापराबद्दल कलमं असतात. संघाची प्रायोजक एक कंपनी आणि तुम्ही जाहिरात करताय तिच्या स्पर्धक कंपनीची, मग घोळ होणारच. करार मराठीत समजावून घ्या, गावातल्या एखाद्या वकिलाला हजार रुपये द्या. गुडघ्याच्या पट्ट्याला आपण त्याहून जास्त देतो.

३. कागदांची पिशवी

एका प्लास्टिकच्या फायलीत हे कायम तयार असू द्या, आणि स्कॅन फोनमध्ये:

- आधार, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक
- शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला, वयासाठी
- खेळाची प्रमाणपत्रं. सगळी नको, सर्वांत वरची तीन
- नोकरी असेल तर परवानगीपत्र, लीगमध्ये असाल तर संघाचं ना हरकत पत्र
- उंची, वजन, छाती-कंबर-खांदा, बुटाचा नंबर एका कागदावर. कपडेपटवाले हे रात्री अकराला मागतात
- जुन्या दुखापतींची नोंद आणि डॉक्टरांचा कागद

शेवटचा कागद बहुतेक जण लपवतात. नका लपवू. माझ्या डाव्या गुडघ्याचं मी आधी सांगितल्यावर फाइट मास्टरनी पडण्याची बाजूच बदलली. काम गेलं नाही.

मूल १४ वर्षांखालचं असेल तर पालकांनी ऐकून ठेवा. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि कमाईतले निदान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे. "गावातल्या पोरांचा एक दिवसाचा सीन आहे, एवढं काय" म्हणणारे भेटतील. त्यांना हे ऐकवा.

४. ओळखीचा व्हिडिओ पडवीत नको

मी पहिला व्हिडिओ पडवीत काढला. उजेड सुरेख. पण मागे पावसाळ्यातली रातकिड्यांची किरकिर आणि मध्येच आमची म्हैस. कास्टिंगवाल्याने उत्तर पाठवलं: "म्हैस उत्तम आहे, तुमचा आवाज ऐकू येत नाही."

खोलीत, साध्या भिंतीपुढे, खिडकीकडे तोंड करून काढा. फोन आडवा. नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा. मग डावा चेहरा, उजवा चेहरा, दोन्ही हात. एक मिनिट पुरे. फिल्टर नको. गळ्यात पदकं नकोत, ते कास्टिंगवाल्यांना फार हास्यास्पद वाटतं. खेळाचा वीस सेकंदांचा वेगळा तुकडा जोडा, आणि तो सामन्यातला असू द्या, सरावातला नको.

भाषेबद्दल एक. २०१६ साली सावंतवाडीजवळ आकेरीला 'रात्रीस खेळ चाले'चं चित्रीकरण झालं आणि मालवणी बोलणाऱ्या माणसाला भाव आला. त्यात वाईट काहीच नाही, पण मुंबईच्या ऑफिसात कोकण म्हणजे मालवणी असं समीकरण बसलंय. मला आजही विचारतात, "मालवणीत बोला ना." आमच्याकडे मालवणी नाही बोलत. 'येते' म्हणून ठोकून देऊ नका. कुडाळची एक मावशी सेटवर असली की दुसऱ्या वाक्याला पकडते. आपली जी बोली आहे तीच नीट म्हणा, आणि पुस्तकी मराठीही तयार ठेवा.

५. बाद व्हायची प्रॅक्टिस

आता मुद्द्याचं. चढाई करणारी बाई आयुष्यभर एकच विद्या शिकते: मनात काय चाललंय ते समोरच्याला कळू द्यायचं नाही. नजर उजव्या कोपऱ्यावर, पाय डावीकडे. चेहरा कोरा पाटीसारखा. ३० सेकंदांत जाऊन यायचं तर चेहऱ्यावर काही उमटवायला सवड आहे कुणाला?

कॅमेऱ्याला याच्या नेमकं उलट लागतं. अंग हलायच्या आधी मनातलं डोळ्यांत दिसायला हवं. तुम्ही डावीकडे जाणार हे प्रेक्षकाला तुमच्या पायाआधी कळलं पाहिजे, नाहीतर त्याला नुसती धावपळ दिसते. खेळाडूंचा अभिनय 'लाकडी' का वाटतो, यावर लोक काहीबाही बोलतात. माझ्या मते आपण लाकडी नसतो, लपवण्यात तरबेज असतो. ती सवय सोडायला मला दोन वर्षं लागली.

मी जे केलं ते सांगते. एक साधं वाक्य घ्यायचं: "आई, भाकरी उरलीय का?" एकदा भुकेने, एकदा सामना हरून आल्यावर, एकदा चोरून पैसे मागायचे आहेत म्हणून आधी भाकरीची चौकशी. तिन्ही फोनवर काढायचं आणि आवाज बंद करून घरच्यांना दाखवायचं. कुठल्या वेळी काय चाललंय हे त्यांनी आवाजाशिवाय ओळखलं पाहिजे. आमच्या आईने पहिल्या महिनाभर तिन्ही वेळा एकच निदान केलं: "पोट दुखतंय तुझं."

दुसरा सराव हरण्याचा. मित्राला सांगा, मला पकड, आणि मी सुटणार नाही. ऐकायला सोपं आहे, पण करून बघा. शरीर बंड करतं. ठरलेल्या क्षणाला, ठरलेल्या बाजूला, दर वेळी तेवढ्याच ताकदीने पडायचं, आणि पडताना दर वेळी पहिल्यांदाच पडतोय असं वाटलं पाहिजे. बारा वेळा केल्यावर कळतं की हाही एक खेळच आहे, फक्त गुण कुणाला मिळाले ते कुणी सांगत नाही.

क्लासला जायलाच हवं का? मुंबईत लाखभर भरून यायची गरज नाही असं मला वाटतं, निदान सुरुवातीला. आपल्या हाताशी काय आहे ते बघा. सिंधुदुर्गात असाल तर दशावतारी मंडळींच्या मागे मागे फिरा. तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, बोलणं तिथल्या तिथे. समोरचा काय टाकेल ते माहीत नाही आणि तुम्हाला उत्तर द्यायचंय. चढाईच आहे ती! रत्नागिरीकडे नमन-खेळे आहेत, पण आमच्या लहानपणी त्यात गवळणसुद्धा पुरुषच व्हायचे, मुलींना शिरकाव नव्हता. मी शेवटी हौशी एकांकिका करणाऱ्या गटात गेले. राज्य नाट्य स्पर्धेचे गट असतात, तालमी रात्री नऊनंतर, नोकरी सांभाळून जमतं. पहिलं वर्ष मी फक्त खुर्च्या हलवल्या. पण रोज दोन तास चांगल्या नटांचे चेहरे जवळून बघायला मिळाले.

एक गोष्ट आपल्याकडे आयती असते, दम. 'कबड्डी कबड्डी' एका दमात म्हणणाऱ्याला चार ओळींचा संवाद एका श्वासात जातो. फक्त तो घोकल्यासारखा येतो, सगळे शब्द एका उंचीचे. तेवढं मोडा.

६. काम कुठे मिळतं, पैसे कुठे जातात

वर्सोव्याच्या आरामनगरात कास्टिंगची ऑफिसं आहेत, गोरेगावला चित्रनगरी आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोल्हापूरची चित्रनगरी मात्र आपण विसरतो. रत्नागिरीहून आंबा घाटाने, सिंधुदुर्गातून गगनबावड्याने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. शिवाय युनिटं स्वतःच किनाऱ्यावर येतात. ज्या गावात शूटिंग लागतं तिथे जेवण, गाड्या, जागा बघणारा एक स्थानिक माणूस असतो. त्याला ओळख द्या. माझी पहिली तीन कामं अशाच एका डबेवाल्या काकांमुळे मिळाली.

सापळे मोजकेच, पण रोज कुणीतरी अडकतं. ऑडिशनला पैसे नसतात. 'नोंदणी', 'पोर्टफोलिओ', 'पोशाखाचं डिपॉझिट' म्हणून कुणी मागितले की फोन ठेवा. 'संघटनेचं कार्ड काढून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. कलाकारांची संघटना सिंटा आहे, मराठीसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे. सदस्यत्व हवं तर थेट तिथेच जा, आणि पहिल्या ऑडिशनला ते लागत नाही. मुलींनो, हॉटेलच्या खोलीत ऑडिशन नसते. कधीच नसते. पहिल्या काही वेळा कुणाला तरी सोबत न्या. ज्याला सोबत खटकते तो माणूस आपल्याला खटकला पाहिजे.

७. सेटवर

सामन्यात कॅमेरा तुमच्यामागे धावतो. २०१४ पासून प्रो कबड्डीमुळे आपल्या पोरांना कॅमेऱ्याची सवय झाली खरी, पण ती मागे धावणाऱ्या कॅमेऱ्याची. सेटवर जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते आणि तुम्हाला खाली न बघता त्या खुणेवर थांबायचं असतं. वीतभर पुढे गेलात तर चेहरा धूसर. घरी पावलं मोजून सराव करा.

दुसरं, कंटिन्युइटी. माती डाव्या गुडघ्याला लागलेली असेल तर दोन तासांनीही डाव्यालाच हवी. जेवणाच्या सुट्टीत हात-पाय धुऊन येऊ नका. मी आले होते.

दुखापती सेटवरही होतात, आणि कारण साधं आहे. सकाळी सहाला बोलावतात, अंग गरम करून बसता, आणि तुमचा शॉट अकराला लागतो. थंड स्नायूंनी एकदम पूर्ण ताकदीची उडी मारली की मांडीचा मागचा स्नायू गेलाच. तुमचा नंबर आहे असं सहायक दिग्दर्शक म्हणाला की दहा मिनिटं मागून घ्या. लाजू नका. मॅट आहे का, रुग्णवाहिका कुठे उभी आहे, जवळचं हॉस्पिटल किती लांब आहे, हे आधी विचारा. आमच्या किनाऱ्यावरून ते तासाभराच्या अंतरावर असू शकतं.

आणि तुम्हाला खेळ येतो तर बोला. एका सेटवर महिलांच्या सामन्यासाठी पुरुषांचं १३ बाय १० मीटरचं मैदान आखलं होतं. आपलं १२ बाय ८. निदान रेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती, पुरुषांची मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर, आपली तीन मीटरवर. मी हळूच सांगितलं, त्यांनी पुसून पुन्हा आखलं, आणि पुढच्या कामाला मलाच बोलावलं. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र गप्प बसले. ओहोटीला ओल्या वाळूत मैदान आखलं, वाळू घट्ट, दिसायला झकास. गावातली सगळी माणसं बघत होती आणि कुणी काही बोललं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. साडेतीनला पाणी निदान रेषेला लागलं. चारला मध्यरेषा गेली. अर्धी चढाई शूट झाली होती.

८. पावडर, गोळी, इंजेक्शन

अजून स्पर्धा खेळत असाल तर हे वाचाच. शर्ट काढायचा सीन असला की कुणीतरी जिमवाला 'पंधरा दिवसांत कापून देतो' म्हणत येतो. त्याच्या डब्यात काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. ॲनाबॉलिक स्टेरॉइड तर बंदी यादीत आहेतच, पण पोटाच्या रेषा दिसाव्यात म्हणून पाणी उतरवायच्या गोळ्या देतात, त्याही आहेत. नाडाचे, म्हणजे देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेचे, लोक स्पर्धा नसतानाही नमुना मागू शकतात, आणि अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. 'शूटिंगवाल्यांनी दिलं' हे उत्तर चालत नाही. स्टेरॉइडसाठी चार वर्षांपर्यंत बंदी लागू शकते. नटाचं काय जातं? त्याला लघवीचा नमुना कुणी मागत नाही.

९. पैसे आणि तारखा

दर दिवसाचा की एपिसोडचा, दिवस किती तासांचा, प्रवास-राहणं कुणाचं, पैसे कधी, हे मेलवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मालिकांत पैसे यायला तीन महिने लागणं नेहमीचं आहे. तेवढे घरचे पैसे हाताशी ठेवूनच उतरा. टीडीएस, म्हणजे मानधनातून आधीच कापला जाणारा आयकर, १० टक्के कापतात, पॅन दिला नाही तर २० टक्के. कापलेले पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरलं की हिशेबात येतात. माझे पहिल्या दोन वर्षांचे तसेच पडून राहिले, कारण मला वाटायचं ते 'कमिशन' आहे.

खेळाचं दार आपल्या हाताने बंद करू नका. सलील अंकोला १९८९ साली सचिनबरोबर कराचीत पहिली कसोटी खेळले, पायाच्या हाडाच्या गाठीने अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ सुटला, मग मालिका-चित्रपट केले, आणि २०२३ साली राष्ट्रीय निवड समितीत बसले. पंच परीक्षा, प्रशिक्षकाचा कोर्स, जे जमेल ते करत राहा. शूटिंगचे दिवस वर्षात मोजकेच असतात.

तारखा देताना जिल्हा स्पर्धा, निवड चाचणी, भातलावणी आधी बघा. आणि गणपती. करारात गणपतीचे दिवस मोकळे म्हणून स्पष्ट लिहून घ्या, मुंबईच्या युनिटला दीड दिवस पुरेसा वाटतो. मी एका वर्षी लिहून घेतलं नाही. मुंबईतल्या मढच्या एका बंगल्यात, पोलिसिणीच्या गणवेशात, मी आमच्या घरची आरती व्हिडिओ कॉलवर म्हटली. मध्येच रेंज गेली, आणि परत आली तेव्हा आई फोनपुढे मोदक धरून उभी होती.